पोरांचं बेट

लिसकोरा, ४ मार्च १९६२

विनी,

कुणी गेलं म्हणून लिहीत नाही. जायचे होते ते सगळे गेलेच आहेत. घरात मी, तीन गाई आणि एक म्हातारा कुत्रा. तुझ्या ख्रिसमसच्या कार्डावर दर वर्षी नाव आणि साल एवढंच असतं, माझ्याही कार्डावर तेवढंच असतं. एकतीस वर्षं आपलं असं बरं चाललं होतं. पण या वेळी तुझी सही लागणार आहे.

तळं आटवायचं ठरलंय. इंजिनियर आलाय, लव्हेल नावाचा, चाळिशीचा, पायात शहरातले बूट. पहिल्याच आठवड्यात एक बूट चिखलात गेला तो गेलाच. त्याला अजून पटत नाही की इथे नदी नाही, ओढा नाही, आणि तरी ऑक्टोबरात कुरणाचं तळं होतं. मलाकी क्रीनच्या होडीतून तो रोज मोजमापं घेत हिंडतो. परवा त्यानं विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

मलाकी म्हणाला, "खालून."

"आणि जातं कुठे?"

"खाली."

"मग मधले आठ महिने इथे करतं काय?"

"राहतं, साहेब. तुमच्यासारखंच. कुणी बोलावलेलं नसताना."

मलाकी सत्तरीला आला तरी जीभ तशीच आहे. पण या वर्षी तोसुद्धा फारसा हसत नाही. कुरणाच्या भिंतींवरची ती काळी शेवाळाची रेघ तुला आठवत असेल. पाणी तिच्या वर कधी चढत नाही, असं बाबा सांगायचे. ती आता हातभर पाण्याखाली आहे. कुरणातल्या विवराला आपण डेरा म्हणतो ते उगाच नाही, दिवसभर घुसळतोय. त्या विवरातून पाणी वर येताना होणारा आवाज लहानपणी आपल्याला झोपवायचा. आता चुलीपाशी बसलं तरी तो पायाखाली ऐकू येतो.

कामाचं सांगते. नवा कालवा सरळ पोरांच्या बेटातून जाणार आहे. चॅपलच्या फाटकावर फादर कॉनरींनी कागद लावलाय, की ज्यांची मुलं बेटावर आहेत त्यांनी नावं द्यावीत, खणण्याआधी जे सापडेल ते काढून घेतलं जाईल. तिथे कुणाचं कोण आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला चॅपलच्या आवारात जागा नव्हती, म्हणून ते बेट. पण पहिल्या रविवारी कागदापाशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या रविवारी बिडी कनीली, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत सगळ्यांच्या देखत फादरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तीन. तिन्ही माझे. लिहा." मग रांग लागली, विनी. पुरुषसुद्धा उभे होते रांगेत. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आपलं नाव मी दिलेलं नाही. मुलाची आई हयात असेल तर तिची सही हवी, असं लव्हेल म्हणतो. कागद सोबत आहे. सही कर नाहीतर कोरा परत पाठव.

बाकी ठीक. संध्याकाळी बेटाकडून आवाज येतात. पाणकोंबड्या असतील. या वर्षी फार झाल्यात.

सबिना


लिसकोरा, १ एप्रिल

विनी,

कागद मिळाला. सहीखालचं वाक्यही वाचलं. "माझी परवानगी तुला १९३१ साली लागली नव्हती." खरं आहे. आणि तू स्टेशनवर निघालीस तेव्हा मी जे म्हटलं ते तू विसरली नसणार, हेही मला माहीत आहे. "देवानं बरंच केलं, तुझी वाट मोकळी केली." ते मी का म्हटलं हे आता सांगते. आधी दुसरंच काहीतरी लिहून तीन कागद चुलीत घातले.

लव्हेलनं डेऱ्यात रंग ओतला होता. हिरवा, भडक. पाणी कुठे जातं ते शोधायला. माणसं बसवली ओढ्यांवर, झऱ्यांवर, पार समुद्रापर्यंत. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी आपल्या विहिरीतून बादली वर काढली आणि पाणी हिरवं. काचेच्या बाटलीसारखं. लव्हेल आनंदानं धावत आला. म्हणाला, "म्हणजे बेटाच्या खालून वाट आहे, थेट तुमच्या दारात!" मी बादली हातात धरून उभी. आपण जन्मभर ते पाणी प्यालो, विनी. चहा केला त्याचा.

त्या दिवसापासून मला घास जात नाही. म्हणून सांगते.

तुझं मूल मेलेलं जन्मलं नव्हतं.

तू शुद्धीवर नव्हतीस. नॅन फॅलन सुईण वर होती, आणि मी. मुलगा होता. रडला. नॅननं त्याला गुंडाळून माझ्या हातात दिला. बाबा जिन्याखाली उभे होते. सगळं आधी ठरलेलं होतं, मला त्याच दिवशी सांगितलं. अथेनॉरच्या पलीकडे रेल्वेच्या फाटकावर रुएन म्हणून जोडपं होतं, मूलबाळ नव्हतं. त्यांना द्यायचा. आणि तुला सांगायचं की तो गेला. "गेलेल्याला कुणी शोधत बसत नाही," बाबा म्हणाले.

पण तुला खिडकीतून तळं दिसायचं. होडी बेटावर गेलेली तुला दिसायला हवी होती. म्हणून पेटी. मेणबत्त्यांचं खोकं. आणि पेटी हलकी नको. बाबांना ते जमेना, ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी केलं. परसातल्या भिंतीचा दगड आणला. एका हातात बाळ, एका हातात दगड. जड वाटला. दुसरा आणला, तो हलका. तिसरा बरोबर झाला. तो फलालिनीच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवला.

बाबा होडीनं बेटाकडे गेले आणि मी शालीखाली त्याला घेऊन चौरस्त्याकडे. दीड मैल. दिवस मावळत होता. सारी वाट तो रडत होता. तपकिरी कोट घातलेली बाई गाढवाच्या गाडीत बसलेली होती. तिनं हात पुढे केले, मी दिला.

तो एकतीस वर्षांचा असेल आता. कुठेतरी असेल. हे मी आधी सांगायला हवं होतं. बाबा गेले तेव्हा, म्हणजे चव्वेचाळीस साली सांगता आलं असतं. तू लग्न केलंस असं कळलं आणि मी गप्प बसले. हे कारण फारसं चांगलं नाही, पण माझ्यापाशी दुसरं नाही.

सबिना


लिसकोरा, ६ मे

विनी,

तुझं पत्र आठ पानांचं. तू "ताई" लिहिलंस, तो शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

अर्नोल्डला तू सगळं सांगितलंस आणि तो उठून तुझ्यासाठी चहा करायला गेला, हे वाचून बरं वाटलं. इंग्रज असला तरी माणूस दिसतो.

तू लिहितेस की फेब्रुवारी आला की गिरणीत मागांच्या खडखडाटातही तुला बाळ रडताना ऐकू येतं, आणि ते कुणाला सांगता येत नाही. "जे मी कधी ऐकलंच नाही ते मला ऐकू कसं येतं, ताई? आता कळलं. तो जिवंत होता म्हणून." हो. तसंच असेल.

रुएनांचा तपास केला. बसनं गेले. फाटकावर आता दुसरं कुटुंब आहे. शेजारची बाई जुनी आहे, पण तिला नीट काही सांगता आलं नाही. ते लोक इंग्लंडला गेले एवढं कळलं. म्हणजे तो तुझ्याच बाजूला कुठेतरी असणार. तू रस्त्यात तिशीतल्या प्रत्येक माणसाचे कान बघतेस असं लिहिलंस. आपल्या घरचे कान लपत नाहीत, हे खरं.

दगड पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणतेस. तुझा हक्क आहे. तळं उतरायला लागलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात बेट उघडतील, तेव्हा मी स्वतः उभी राहीन, पेटी उघडून घेईन, आणि दगड पोस्टानं पाठवीन. पोस्टातली मेरी विचारेल, एवढं जड काय आहे. काहीतरी सांगेन.

तेवीस जूनच्या बोटीचं तिकीट काढलंस ते बरं केलंस. आधी इथे ये, मग मिळून शोधू.

सबिना


लिसकोरा, ११ जून

विनी,

हे पत्र खुर्चीत बसून वाच. अर्नोल्ड घरी असताना वाच.

मे संपता संपता चार दिवसांत तळं खाली गेलं. डेऱ्यानं शेवटचं पाणी ओढून घेतलं तेव्हा गाई ओरडल्या. मागे राखाडी गवत, त्यात मासे, आणि मधोमध बेट. तेव्हा ते बेट नसतंच म्हणा. मेंढ्या चरतात तो एक उंचवटा, त्यावर वाकलेलं काटेझाड. गुरुवारी सकाळी सगळे चालत गेलो. ऊन होतं. बायकांनी चॅपलला जातानाचे कोट घातले होते. लव्हेलनं मजुरांना बाजूला केलं आणि स्वतः गुडघे टेकून करणीनं माती काढायला लागला. प्रत्येक जागी तो आधी टोपी काढायचा. मी त्याला बुटावरून हसले होते, त्याची मला लाज वाटली.

बिडीची तीन सापडली, एकमेकांना लागून. मग आपली जागा. काटेझाडाच्या उत्तरेला सात पावलं, बाबांनी मला दाखवून ठेवली होती.

मला घाई झाली होती, विनी. खोटं कशाला बोलू. मला तो दगड हवा होता.

हातभर खोल गेल्यावर लव्हेलच्या हाताला बटणं लागली. मोठी, शिंगाची. एक, दोन, चार. मग कापडाचा काळा चुरा. मग तो थांबला आणि फादरांकडे बघून म्हणाला, "इथे आहे."

मी म्हटलं, "ते आमचं नव्हे. आमची पेटी आहे."

"पेटी खाली दिसतेय," तो म्हणाला. "हे तिच्यावर ठेवलेलं आहे."

अगदी लहान, विनी. माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढं. त्याच्या खालून पेटी काढली, फळ्या कुजल्या होत्या, हात लावताच उघडली. आत माझा दगड. फलालिनीचा एक धागा त्याला चिकटलेला होता. लव्हेल त्या दगडाकडे बघतच राहिला.

तेवढ्यात मागून मलाकी वाकून बघायला लागला. म्हणाला, "एकच? दुसरं कुठंय?"

"दुसरं कुठलं?" मी विचारलं.

"अगं, जुळं होतं ना? एक तुझ्या बापानं पेटीतून आणलं, दुसरं नंतर मी आणलं त्याच्याबरोबर."

मला काय झालं ते आठवत नाही. मी गवतावर बसलेली होते, मलाकी समोर उकिडवा बसला होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. तो म्हणाला, "सबिना, देवाशपथ, मला वाटलं तुला ठाऊक आहे. पेटीला दहा-बारा दिवस झाले असतील. तुझा बाप सकाळी सकाळी माझ्या दारात. अंगात कोट नाही, कोट हातात गुंडाळलेला. म्हणाला, होडी काढ. मी म्हटलं, अरे पाकी, आत काय आहे? तर म्हणाला, माझा नातू. घसा धरला, दोन दिवसांत गेला. बाई परत घेऊन आली, शिपायांना भ्याली. मी विचारलं, कुठली बाई? तर म्हणाला, वल्हव. बेटावर त्यानं हातांनी माती काढली, फावडं घेईना. आणि मला शपथ घातली, पोरींना कळता कामा नये. मला वाटलं, एक मेलेलं जन्मलं, दुसरं नंतर गेलं, आणि विनीला दुसऱ्याचं सांगायला तो घाबरतोय. मी कसं विचारणार गं? असल्या गोष्टी विचारतात का?"

बाबांनी आपल्याला सांगितलं होतं की कोट बाजारात चोरीला गेला. तेरा वर्षं ते जुनं जाकीट घालून हिंडले, नवा कोट घेतला नाही. मला तो कंजूषपणा वाटायचा. एकदा मी चारचौघांत तसं बोललेही होते.

तुला मी एप्रिलमध्ये मुलगा दिला आणि जूनमध्ये काढून घेतेय. हे सांगायला मला शब्द येत नाहीत, म्हणून जे लपवलं ते सांगते, निदान तेवढं तरी.

फाटकाशेजारच्या बाईला नीट सांगता आलं नाही, हे खोटं. ती स्वच्छ म्हणाली, "रुएनबाईला मूल? छे, कधीच नव्हतं." मी बसमध्ये बसून स्वतःला समजावलं की म्हातारी विसरली असेल.

आणि पाणकोंबड्या नव्हत्या.

पहिल्यांदा मी ते रडणं ऐकलं त्याच फेब्रुवारीत. तू अजून वर तापात होतीस. मी संध्याकाळी गाईंना आत घेत होते आणि पाण्यावरून ते आलं. मग दर वर्षी, तळं भरलेलं असलं की. गावात पुष्कळांनी ऐकलंय. ते म्हणायचे, बेटावरची पोरं. पण मला ठाऊक होतं ना, की आपल्या जागी नुसता दगड आहे! दगड कसा रडेल? दुसऱ्या कुणाचं असेल, म्हणायची. बिडीचं असेल.

पण तो आवाज मला ओळखता येत होता, विनी. तू तो ऐकला नव्हतास. बाबांनी खालून ऐकला असेल तेवढाच. नॅन तर पुढच्याच वर्षी गेली. या जगात त्याचं रडणं ओळखणारी मी एकटी उरले होते, दीड मैल ते माझ्या छातीशी होतं. एकतीस वर्षं मी ते ओळखत होते आणि नाही म्हणत होते. एप्रिलमध्ये तुला लिहिलं ते तुझ्या सुखासाठी लिहिलं असं वाटलं होतं. नव्हतं तसं. तो जिवंत आहे असं दुसऱ्या कुणीतरी मानायला हवं होतं, म्हणजे तो आवाज खोटा पडला असता. त्यासाठी मी तुला वापरलं. दुसऱ्यांदा.

आणखी एक. बाकीची मुलं चॅपलच्या भिंतीपलीकडच्या नव्या पट्टीत ठेवणार आहेत. फादरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सबिना, याला कुणी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं का?" तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. चौरस्त्यावर गाडी दिसली आणि मला भीती वाटली, की ही माणसं घालतील न घालतील. चाकोरीत पाणी साचलं होतं. मी बोटं बुडवली, त्याच्या कपाळाला लावली आणि शब्द म्हटले. नाव घेतलं नाही. नाव घ्यायचा मला हक्क नव्हता. फादर म्हणाले, "मग तो इतकी वर्षं चुकीच्या जागी होता." म्हणजे त्याला आत, आपल्या आईच्या थडग्याशेजारी जागा आहे. बिडी जवळच उभी होती, तिनं ते ऐकलं. तिच्या तिघांना कुणी पाणी घातलं नव्हतं. ती फादरांना म्हणाली, "एकाला आत घेणार आणि माझे बाहेर? मग मला मेल्यावर भिंतीवर ठेवा, अर्धी इकडे, अर्धी तिकडे." फादर लाल झाले. काल त्यांनी मजुरांना सांगितलं, तेवढी भिंत पाडा. आता पट्टी आणि आवार एकच आहे. यासाठी बिशपांकडून बोलणी खावी लागतील त्यांना.

लव्हेल काल निरोप घ्यायला आला. कालवा बेटाला वळसा घालून नेणार म्हणतो, वरच्यांना काय सांगायचं ते तो बघेल. जाताना म्हणाला, "मिस टार्पी, तो दगड मी परत तिथेच ठेवू का?" मी नको म्हटलं. तो इथे आहे. तुला हवा असेल तर घे, माझ्या डोक्यात घालायचा असेल तर घाल.

तुझ्या मुलाला मी चॅपलमध्ये ठेवू दिलं नाही, घरी आणलाय. मलाकीनं नवी पेटी केली, सफरचंदाच्या लाकडाची, छान केलीये. वरच्या खोलीत आहे, तुझ्या. खिडकी उघडी ठेवते. दिवसा मी जवळ बसून विणते. रात्री मलाकीची बायको ओना येऊन बसते, तिनं आपण होऊन विचारलं. फादर म्हणाले होते की दोन दिवसांत उरकू. मी म्हटलं, त्याची आई येईपर्यंत तो कुठेही जाणार नाही. रजिस्टरात नावाची जागा कोरी सोडलीये. तू त्याला मनात काहीतरी म्हणत असशीलच, एकतीस वर्षं. मी विचारत नाही. फादरांना सांग.

तिकीट परत करायचं असेल तर कर. मला ते समजेल. अर्नोल्डला आणायचं असेल तर आण, पलंग मोठा आहे.

येणार असशील तर चोवीसला दुपारी मलाकी स्टेशनवर असेल, पांढऱ्या घोड्याची गाडी घेऊन. वाटेत तो बडबड करेल, करू दे. दाराला कडी नसेल. खाली थांबू नकोस, मला शोधू नकोस, सरळ वर जा. गाडीचा आवाज आला की मी खोलीतून निघून परसात जाईन. तुला पाहिजे तेवढा वेळ घे. मग खाली ये आणि माझं काय करायचं ते ठरव.

सबिना